दुचाकीची बॅटरी उतरली : दोष ओळखावा कसा, बॅटरी बदलावी केव्हा

सकाळी कामावर निघण्याच्या वेळी सेल्फचे बटण दाबावे आणि गाडीने केवळ 'टक' असा आवाज करून गप्प बसावे, हा अनुभव दुचाकी चालविणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. मात्र बॅटरी उतरणे आणि बॅटरी निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा वापरता येते. निकामी झालेली बदलावी लागते. आणि बॅटरी उतरण्याचे कारण गाडीच्या चार्जिंग यंत्रणेत दडलेले असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत त्याच वाटेने जाते. हा फरक न ओळखता खर्च केल्यास पैसा जातो आणि अडचण कायम राहते. ज्यांची रोजची कमाईच गाडीवर अवलंबून असते, त्या मोटारसायकल पायलटांसाठी किंवा घरोघर माल पोहोचविणाऱ्यांसाठी तर तो दिवसभराच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. निदानाला लागणारे मुख्य साधन म्हणजे एक साधा डिजिटल मल्टिमीटर. तो वापरण्याची पद्धत कोणालाही शिकता येते.

बॅटरीचे अंतरंग

दुचाकीत आजही प्रामुख्याने शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी बॅटरी वापरली जाते. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या विद्युतघटाचेच ते सुधारित रूप होय. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट, म्हणजे सेल, एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणूनच पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक भरतो.

वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग सुरू झाले की ही क्रिया उलटते. परंतु बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. बंद पडून राहिलेल्या दुचाकींच्या बॅटऱ्या मुख्यतः याच कारणाने निकामी होतात.

पूर्वीच्या बॅटऱ्यांत झाकणे उघडून पाण्याची पातळी पाहावी लागे. आता बहुतेक गाड्यांत बंदिस्त, देखभालमुक्त बॅटरी असते. तिच्यात पाणी घालायचे नसते आणि तिचे झाकण उघडण्याचा प्रयत्नही करायचा नसतो. 'देखभालमुक्त' या शब्दाचा अर्थ एवढाच की पाणी घालण्याची गरज नाही. चार्ज राखण्याची गरज मात्र तिलाही असतेच.

गोव्यातील हवामान आणि वापर

उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू आहे. तापमान वाढले की आतील प्लेटांची झीज आणि आपोआप चार्ज उतरण्याची क्रिया, दोन्ही वेग घेतात. त्यात किनारपट्टीवरील खारी हवा आणि जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस टर्मिनलांवर व वायरींच्या टोकांवर गंज चढवितो. गंज चढला की वीज वाहण्यास अडथळा होतो आणि चांगली बॅटरीही दुबळी भासू लागते.

वापराची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. घरापासून बाजारापर्यंत एक-दोन किलोमीटर जायचे, पुन्हा थांबायचे, फेरीबोटीवर इंजिन बंद करायचे आणि पलीकडे उतरताना पुन्हा सेल्फ मारायचा, अशा छोट्या फेऱ्यांत सेल्फने ओढलेली वीज भरून निघण्याइतका वेळ इंजिन चालतच नाही. याउलट जहाजावर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असतात. चवथीला घरी आल्यावर गाडी चालू होत नाही, ही तक्रार त्यामुळेच नेहमीची आहे. तिचे उत्तर गाडी उभी करतानाच घ्यावयाच्या काळजीत आहे. तिचा विचार शेवटी केला आहे.

बॅटरीसारखेच दिसणारे इतर दोष

मीटर हाती घेण्यापूर्वी काही साध्या गोष्टी तपासाव्यात. इंजिन बंद करण्याचा लाल स्विच चुकून दाबला गेला आहे काय? गाडी गिअरमध्ये आहे काय? अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असताना किंवा क्लच न दाबल्यास सेल्फ लागत नाही. त्यानंतर बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज पाहावा. तो जळलेला असेल तर गाडीत वीजच नसल्यासारखे भासते. त्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार गुंडाळून काम भागवू नये, कारण त्याने वायरिंग पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर वायरिंगमध्ये कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. सेल्फ दाबताच 'टकटकटक' असा जलद आवाज येणे आणि मीटरमधील दिवे मंद होणे, हे बॅटरी उतरल्याचे ठळक लक्षण होय. दिवे तेजस्वी, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ दाबल्यावर एकच 'टक' आवाज, अशी स्थिती असेल तर सेल्फचा रिले, सेल्फची मोटर किंवा टर्मिनलचा सैल जोड यांवर संशय घ्यावा. इंजिन व्यवस्थित फिरते पण पेटत नाही, अशा वेळी दोष बहुधा इंधनात किंवा स्पार्क प्लगमध्ये असतो.

टर्मिनलावर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसल्यास आधी ती साफ करावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे करावे, स्क्रू घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. एवढ्यानेच गाडी चालू झाली तर बॅटरीचा खर्च वाचला.

मल्टिमीटरने चार चाचण्या

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या श्रेणीवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळे टोक मायनसला लावावे.

पहिली चाचणी स्थिर दाबाची. गाडी काही तास, शक्य तर रात्रभर, बंद असावी. इंजिन नुकतेच बंद केले असल्यास आकडा खोटा चढा दिसतो. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.४ च्या आसपास सुमारे तीन-चतुर्थांश आणि १२.२ च्या आसपास सुमारे निम्मा चार्ज समजावा. १२ च्या खाली बॅटरी उतरलेली असते. आकडा १०.५ च्या आसपास असेल आणि चार्ज करूनही वर सरकत नसेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे असे मानावे. अशी बॅटरी बदलण्यावाचून उपाय नाही.

दुसरी चाचणी भाराची. मीटर जोडलेला ठेवून सेल्फ दाबावा आणि आकडा पाहावा. तो क्षणभर खाली येणारच. तो ९.५ ते १० व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी ठीक आहे. स्थिर दाब १२.६ असूनही सेल्फ दाबताच आकडा आठ-सातवर कोसळत असेल, तर बॅटरीत दाब आहे पण ताकद नाही, म्हणजे ती आतून संपली आहे. केवळ स्थिर दाब पाहून 'बॅटरी चांगली आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत येथेच होते.

तिसरी चाचणी चार्जिंगची. नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी ही चाचणी टाळू नये. गाडी कोणत्याही प्रकारे चालू करावी आणि मीटर बॅटरीवर लावूनच इंजिनाची गती चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत न्यावी. आकडा १३.५ ते १४.८ च्या दरम्यान स्थिरावला तर चार्जिंग यंत्रणा निर्दोष आहे. बॅटरी फारच उतरलेली असेल तर हा आकडा काही वेळ खालीच राहतो, म्हणून बॅटरी चार्ज करून ही चाचणी घेणे अधिक भरवशाचे. गती वाढवूनही आकडा १२.५ च्या पुढे सरकत नसेल, तर मॅग्नेटची कॉइल, रेक्टिफायर किंवा त्यांचे कनेक्टर बिघडले आहेत. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायरमधील नियंत्रण निकामी झाले असून बॅटरी अक्षरशः उकळत आहे. अशा गाडीत बसविलेली नवी बॅटरी अल्पकाळातच वाया जाते आणि बल्ब व इलेक्ट्रॉनिक भागही धोक्यात येतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग होते की नाही' हे पाहण्याची जुनी रीत काही गॅरेजांत अजून दिसते. तिच्यामुळे दाब एकदम उसळतो आणि रेक्टिफायर किंवा इंधन-नियंत्रणाचा संगणक जळू शकतो. असे कोणी करू लागल्यास स्पष्ट नकार द्यावा.

चौथी चाचणी गळतीची. बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगले, तरी दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, अशा वेळी ती करावी. चावी बंद ठेवून मायनसची वायर सोडवावी. मीटर अँपिअरच्या मोठ्या श्रेणीवर ठेवून त्याचे एक टोक त्या वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावावे. आकडा नगण्य दिसल्यास मिलिअँपिअरच्या श्रेणीवर यावे. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच दाबू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. डिजिटल घड्याळ असलेल्या गाडीत काही मिलिअँपिअर गळती स्वाभाविक आहे. हिशेब सोपा आहे : ५ अँपिअर-तासांची बॅटरी ५ मिलिअँपिअर गळतीने रिकामी होण्यास १००० तास, म्हणजे सुमारे ४१ दिवस लागतात, गळती ५० मिलिअँपिअर असेल तर तीच बॅटरी १०० तासांत, म्हणजे जेमतेम चार दिवसांत संपते. बाहेरून बसविलेला अलार्म, ट्रॅकर, मोबाइल चार्जर किंवा जादा दिवे यांची वायर एकेक करून सोडवीत गेल्यास दोषी भाग सापडतो.

बदलण्याआधी एकदा चार्ज करून पाहावे

उतरलेली बॅटरी बाहेर काढून तिच्या क्षमतेच्या सुमारे एक-दशांश प्रवाहाने चार्ज करावी. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. मोटारीसाठीचा मोठा चार्जर लावल्यास छोटी बॅटरी तापते, फुगते आणि कायमची बिघडते. चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ विडी, सिगारेट, देव्हाऱ्यातील दिवा किंवा गॅसची शेगडी नसावी. चार्जर आधी बॅटरीला जोडून मग भिंतीवरील स्विच लावावा आणि काढताना आधी स्विच बंद करावा.

पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरी काहीही न जोडता रात्रभर ठेवावी आणि सकाळी मोजावी. १२.६ च्या आसपास टिकून राहिली आणि भाराच्या चाचणीत उतरली, तर ती अजून कामाची आहे. रात्रीतून १२.२ किंवा त्याखाली आली तर तिचे आयुष्य संपले. आवरण फुगलेले, तडकलेले किंवा ओलसर दिसत असेल तर चार्ज करण्याच्या भानगडीत न पडता ती बदलावी. साधारण तीन-चार वर्षे सेवा दिलेल्या बॅटरीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

नवी बॅटरी निवडताना

जुन्या बॅटरीच्या लेबलावरील व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन्ही आकडे उतरवून घ्यावेत. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. मोठ्या गाड्यांत ती अधिक क्षमतेची असते. लांबी, रुंदी, उंची आणि प्लसचे टर्मिनल डावीकडे आहे की उजवीकडे, हेही जुळले पाहिजे. बाजू उलट असल्यास वायर पोहोचत नाही किंवा ओढून लावावी लागते, आणि दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. मूळ क्षमतेपेक्षा कमी क्षमतेची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

दुकानातच उत्पादनाची तारीख पाहावी. सहा महिन्यांहून जुना माल नाकारावा, कारण दुकानातील फळीवरही बॅटरी उतरत असते. काउंटरवर मीटर लावून १२.५ व्होल्टपेक्षा अधिक दाब असल्याची खात्री करून घ्यावी. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख, शिक्का आणि बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घेणे विसरू नये. वॉरंटीचे बहुधा दोन भाग असतात : पहिल्या मुदतीत बॅटरी मोफत बदलून मिळते, दुसऱ्या मुदतीत किमतीत ठरावीक सवलत मिळते. यांपैकी किती महिने कोणत्या भागात आहेत, हे घेतानाच विचारावे. जुनी बॅटरी परत दिल्यास बिलातून रक्कम वजा होते. ती वजावट बिलावर दाखविण्याचा आग्रह धरावा.

आम्ल वेगळे मिळणारी कोरडी बॅटरी घेतल्यास ते भरण्याचे व पहिले चार्जिंग करण्याचे काम दुकानदाराकडूनच करून घ्यावे. आम्ल भरून तासाभरात गाडीवर चढविलेली बॅटरी पुढे पूर्ण क्षमता गाठत नाही.

बॅटरी बदलण्याचा क्रम

गाडी मधल्या स्टँडवर किंवा सपाट जागी भक्कम उभी करावी, चावी काढून घ्यावी. हातातील अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवावे. बॅटरी सहसा सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे असते. बहुतेक गाड्यांत एक स्क्रूड्रायव्हर आणि दहा नंबरचा पाना एवढ्यावर काम होते.

१. वायरी जोडलेल्या अवस्थेतील मोबाइल छायाचित्र काढून ठेवावे.

२. आधी मायनसची काळी वायर सोडवावी, नंतर प्लसची लाल. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीची संपूर्ण चौकट मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवरील पाना चौकटीला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात आणि पाना क्षणात तापतो.

३. पट्टा किंवा क्लॅम्प काढून बॅटरी उभीच बाहेर घ्यावी. पाणी घालण्याच्या प्रकारची असल्यास तिची वाफ बाहेर नेणारी रबरी नळी सोडवावी.

४. बॅटरीचा कप्पा सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. वायरींची टोके घासून चमकदार करावीत. खालचा रबर जागेवर आहे का पाहावे. तो नसल्यास धक्क्यांनी बॅटरीचे आयुष्य घटते.

५. नवी बॅटरी बसवून आधी प्लस आणि शेवटी मायनस जोडावा. स्क्रू घट्ट असावेत, पण शिशाचे टर्मिनल मऊ असल्याने अवाजवी जोर लावू नये. प्लसवरील लाल रबरी टोपी परत चढवावी. नळी असल्यास ती न दुमडता, चेन व सायलेन्सरपासून दूर, जमिनीच्या दिशेने सोडावी.

६. गाडी चालू करून तिसरी, म्हणजे चार्जिंगची चाचणी पुन्हा घ्यावी. ही झाल्याखेरीज काम संपले असे समजू नये.

आम्ल त्वचेवर पडल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धूत राहून विनाविलंब डॉक्टर गाठावा.

वाटेत बंद पडल्यास

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या बॅटरी पार उतरलेली असतानाही पुष्कळदा किकने चालू होतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिचा पंप आणि संगणक यांना वीज लागते. त्यामुळे बॅटरी अगदी रिकामी असेल तर किक मारून किंवा ढकलूनही उपयोग होत नाही. थोडा चार्ज शिल्लक असल्यास चावी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच धरून गाडी ढकलावी व वेग आल्यावर क्लच सोडावा. हे सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावे. घाटात किंवा पुलावर नव्हे.

दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वीज घ्यायची झाल्यास लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. मदत मोटारीची घेत असल्यास मोटारीचे इंजिन बंदच ठेवावे. गाडी चालू झाल्यावर केबली उलट क्रमाने काढाव्यात.

जुन्या बॅटरीचे काय करावे

बॅटरीच्या वजनाचा मोठा हिस्सा शिशाचा असतो आणि शिसे मानवी शरीरास, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस, घातक आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपविणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. विक्रेत्याला परत देणे हा त्यातील सर्वांत सोपा मार्ग. आम्ल अंगणात किंवा गटारात ओतून रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याची पद्धत विहिरीच्या पाण्याला बाधक ठरते. ती पूर्णपणे टाळावी.

निगा

आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. उभ्या उभ्या पाच मिनिटे इंजिन फिरविल्याने सेल्फने ओढलेली वीजही नीट भरून निघत नाही. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये आणि दोन प्रयत्नांत थोडी उसंत द्यावी. जेथे किकची सोय आहे तेथे सकाळची पहिली सुरुवात किकने केल्यास बॅटरीवरील ताण कमी होतो. पावसाळ्याच्या आधी व नंतर टर्मिनले साफ करून जेली लावावी.

गाडी महिनाभराहून अधिक काळ उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निदान मायनसची वायर सोडून ठेवावी. परदेशी जाणाऱ्यांनी बॅटरी काढून घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि घरच्या माणसाकडून दोन महिन्यांतून एकदा चार्ज करून घ्यावी. दाब १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ दिला नाही, तर सल्फेट कठीण होण्यास वाव राहत नाही, आणि सुट्टीवर परतलेल्या माणसाच्या पहिल्याच दिवशी दुकान गाठण्याची वेळ सहसा येत नाही.